सतराव्या पानापासून

बुवा ग्रंथ वाचायचे तेव्हा पानाचा आकडाही मोठ्याने वाचायचे. "सत्त्याण्णव," असं म्हणून एक श्वास घ्यायचे आणि मग त्या पानावर जे जे असेल ते ते वाचायचे. मथळा, श्लोक, श्लोकाखालचा अर्थ, अर्थाखालची मुंगीएवढ्या टाइपातली टीप. छापणाऱ्याच्या हातून एखादा शब्द चुकून दोनदा पडला असेल तर तोही दोनदा. मी एकदा हसून म्हणालो, "बुवा, ही छापखान्याची चूक आहे. ती कशाला वाचायची?" तर चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणाले, "पान गाळायचं न्हाई, वळ बी गाळायची न्हाई. आपल्याला काय ठावं, कंच्या वळीत काय ठिवलंय."

हे बुवा कुठल्या मठातले नव्हते. चिंचवड गावातून पिंपरीकडे जाताना लोहमार्ग ओलांडावा लागायचा, तिथल्या फाटकावरचे ते गेटमन. 'गेटबुवा' हे नाव लोकांनी पाडलेलं. खरं नाव हजेरीच्या पुस्तकात असेल. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा बुवांची ड्यूटी, रात्री दुसऱ्याची. स्टेशनातून फोन आला की दोन्ही बाजूंचं लोखंडी फाटक ढकलून लावायचं, कुलूप घालायचं, हिरवं निशाण घेऊन उभं राहायचं, गाडी गेली की उघडायचं. बारा तासांत ते ठिकाण सोडायची सोय नाही. रुळाच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत मी मोजली तर बावीस पावलं भरली. मागे कौलारू गेटघर, तिथे बुवा आणि त्यांची मुलगी गोदा. गोदाताईंना नवऱ्यानं टाकलेलं होतं. बुवांचं गाव मोशी, तिथे भाऊ होता. पण घर भावाचं होतं आणि भावजयीची जीभ चाकणच्या मिरचीसारखी होती. म्हणजे डोक्यावर छप्पर होतं ते रेल्वेच्या कौलांचंच, आणि तेही फाटकाची किल्ली बुवांच्या कमरेला होती तोवरच.

आता मी या गोष्टीत कुठून आलो ते सांगतो. फुशारकी मारण्यासारखं काही नाही. पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीच्या माळावर औषधांचा मोठा कारखाना नुकताच उभा राहिला होता. मी पुण्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. होणार होतो. होणार होतो, म्हणजे तसं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. इंटर झालो आणि वडील गेले. मागे आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. मग तत्त्वज्ञान राहिलं बाजूला आणि मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात चिकटलो. काम काय, तर दारातल्या खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची कार्डं बघायची आणि उशीर झालेल्यांवर लाल शिक्का मारायचा. रोज सकाळी पावणेआठची मालगाडी मला फाटकाशी अडवायची. त्यामुळे पहिला लाल शिक्का बहुतेक माझ्याच कार्डावर, माझ्याच हातानं. माझ्याइतका निःपक्षपाती कारकून त्या ऑफिसाला पुन्हा मिळाला नसेल.

असाच एकदा सायकल टेकवून उभा असताना कानावर आवाज आला, "एकशे बारा." वळून बघतो तो फाटकालगतच्या खोपटाच्या दारात खाकी कोट घातलेला माणूस मांडीवर जाडसा ग्रंथ घेऊन बसलेला. वाचता वाचता मध्येच कान टवकारून रुळाकडे बघतो आणि पुन्हा वाचतो. चार ओळी ऐकल्या आणि मी गार पडलो. कॉलेजात ज्या विषयाच्या व्याख्यानाला आम्ही मागच्या बाकावर बसून डुलक्या काढायचो, तो विषय हा माणूस मालगाडीची वाट बघत वाचत होता, आणि त्याला झोप येत नव्हती.

त्या ग्रंथाला पुठ्ठा नव्हता. सतराव्या पानापासून सुरू व्हायचा आणि दोनशे आठव्या पानावर एका वाक्याच्या मध्यावर संपायचा. बुवांना तो रुळांच्या कडेला खडीत सापडला होता. कुणाच्या तरी हातातून गाडीतून पडला असावा. त्यांनी तो रीतसर स्टेशनमास्तरांकडे नेला. मास्तर म्हणाले, "नाव नाही, गाव नाही, नोंद कसली करू? ठेव तुझ्याकडे, मालक आला तर दे." मालकाची वाट बघता बघता बुवांनी तो एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. मी भेटलो तेव्हा अकरावी खेप चालू होती. गाड्यांच्या मधल्या वेळात जेवढं होईल तेवढं.

मी शहाणा. रविवारी पुण्याला गेलो, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दोन तास धूळ खाल्ली आणि तो ग्रंथ कोणता, कोणी लिहिला, सगळं काढून आणलं. सोमवारी छाती फुगवून सांगायला गेलो, तर बुवांनी हात वर केला. गाडी थांबवायला करतात तसा.

"नाव सांगू नगा, राव."

"का हो?"

"नाव कळलं की लोक वाचायचं थांबत्यात. म्हन्त्यात, हां हां, त्यो व्हय. ठावं हाय आमाला."

माझ्या कॉलेजातल्या दोन वर्षांचं इतकं थोडक्यात वर्णन आजवर कुणी केलेलं नाही. तेव्हा ते नाव मी इथेही सांगत नाही. सुरुवातीची सोळा पानं उतरवून आणायचीही माझी तयारी होती, तर म्हणाले, "पैलं पान मिळालं की शेवटचं बी पायजे वाटंल. आता आमी मधी हाय. मधीच बरं हाय."

तेव्हापासून मी मुद्दाम वीस मिनिटं लवकर निघून फाटकावर बसायला लागलो. लोकांना वाटलं, शिक्का चुकवायला हा सुधारला. खरं म्हणजे मला दिवसभरात बसण्यासारखी तेवढीच एक जागा होती. घरी आईचे उसासे, ऑफिसात खिडकीची जाळी. बाविसाव्या वर्षी आपलं आयुष्य कुणीतरी कुलूप घालून बंद केलंय आणि किल्ली नदीत टाकलीय अशी माझी खात्री झालेली. आज हसू येतं, पण तेव्हा रात्री उशी चावायचो हे खोटं नाही. एकदा बुवांना म्हणालोसुद्धा, "बुवा, मी अडकलो."

"कुटं?"

"टाइम ऑफिसात. आता तीस वर्षं तिथंच."

"आन मी कुटं हाय?" त्यांनी विचारलं. मग त्यांच्या पद्धतीनं समजावलं. "फाटक लावलं की तुमाला वाटतं रस्ता बंद झाला. गाडीवाल्याला इचारा. त्येचा रस्ता आत्ता उघडला. बंद करनं आन उघडनं एकाच हातानं व्हतंय, राव. बघनारा कंच्या बाजूला हाय तेवढंच."

"पण मी गाडीत नाही ना, बुवा. मी सायकलवर आहे."

बुवा हसले. "ते बी खरंच हाय," म्हणाले. त्यांचं मला हे आवडायचं. उत्तर नसलं की उत्तर नाही म्हणायचे. आमच्या प्रोफेसरांना हे जमत नसे.

शिव्या खाणं हा फाटकवाल्याच्या नोकरीचा भागच. थेरगावचे गवळी दुधाच्या किटल्या घेऊन लोकलसाठी धावत यायचे आणि फाटक लागलेलं बघून बुवांच्या सात पिढ्या काढायचे. कारखान्याच्या बांधकामावरचा एक कंत्राटदार तर जीपमधून उतरून अंगावर धावून आला. "उघडतोस का फोडू?" बुवांनी किल्ली कमरेला खोचली आणि पुढची ओळ वाचायला घेतली. गाडी गेली, फाटक उघडलं, जीप धूळ उडवत गेली. बुवा म्हणाले, "शिवी म्हंजी पार्सल. सही करून घेतलं तर आपलं. सही न्हाई केली, तर ज्यानं धाडलं त्येच्याकडं परत जातंय." मी हे वाक्य पाठ केलं आणि त्याच दिवशी ऑफिसात एका फिटरनं मला 'शिक्कामाऱ्या' म्हटलं तेव्हा पार्सल पोचल्याबरोबर तीन ठिकाणी सह्या करून घेतलं. तत्त्वज्ञान माझ्या अंगाला कधीच नीट लागलं नाही.

बुवांची बायको गेली ती हकीकत मला गोदाताईंनी सांगितली. बाई मोशीला दिराच्या घरी आजारी होत्या. जास्त झाल्याचा निरोप सकाळी दहाला आला. बदली माणूस संध्याकाळी चारला पोचला. ते सहा तास बुवांनी पाच वेळा फाटक लावलं, पाच वेळा उघडलं. गावी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी कधी तो विषय काढला नाही. पण एकदा सहज विचारलं, की फार वाईट दिवस असेल तर कुठलं पान उघडावं. त्यांना कळलं मी काय विचारतोय. म्हणाले, "त्या दिवशी ग्रंथ उघडायचाच न्हाई. तहान लागल्यावर कुनी हिर खनतं व्हय? आदी खनलेली व्हती, तिचं पानी प्यालो." आणि उठून निशाणाची काठी पुसत बसले. त्या काठीवर पुसण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढचं मात्र मन लावून ऐका, कारण यात माझी करणी आहे.

एका सकाळी बुवा वाचत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून पानावर नजर ठेवून होतो. "एकशे चाळीस," ते म्हणाले. वाऱ्यानं पान उडालं, एकदम दोन पानं उलटली. बुवांचा आवाज थांबला नाही. एकशे चाळीसचा अर्थ संपवला, खालची टीप वाचली, "एकशे एक्केचाळीस" म्हणाले, आणि पुढे. समोर एकशे चव्वेचाळीस उघडं होतं. आधी मला वाटलं, वा, काय पाठांतर. मी कौतुकानं तसं म्हणालोही. बुवा ग्रंथ मिटून त्यावर हात ठेवून बसले.

पाचसहा दिवसांनी संध्याकाळी मी कामावरून परतत होतो. दिवेलागण व्हायची होती. काळेवाडीची जनावरं फाटकातून पलीकडे चालली होती. फोन आला, बुवांनी अलीकडचं फाटक लावलं, रूळ ओलांडून पलीकडचं लावलं, दोन्ही कुलुपं घातली आणि हिरवं निशाण घेऊन उभे राहिले. मध्ये रुळावर एक म्हैस उभी होती. अंधारातली काळी म्हैस नव्हे, चांगलं लख्ख दिसत होतं. गुराखी फाटकाच्या बाहेरून ओरडत होता, "म्हस! म्हस राहिली!" बुवा आवाजाच्या दिशेनं मान फिरवत होते आणि त्यांना म्हैस सापडत नव्हती. मी सायकल टाकली, फाटकावरून उडी मारली आणि त्या म्हशीच्या शेपटीला जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचा हात घातला. ती हलली याचं श्रेय माझ्या शक्तीला नाही. तिला माझा स्पर्श आवडला नसावा. आम्ही रुळाच्या कडेला पोचलो आणि गाडी गेली. वाऱ्यानं माझी टोपी उडाली.

बुवा कितीतरी वेळ निशाण धरून तसेच उभे होते. मग हळू म्हणाले, "म्हस व्हती का? का मानूस?"

"म्हैस होती, बुवा."

"मानूस असता तर?"

मी म्हणालो, नव्हता ना. आणि सायकलचा वाकलेला मडगार्ड सरळ करायला लागलो.

त्याच महिन्यात नोटीस आली. गेटमन लोकांची दर काही वर्षांनी डोळ्यांची तपासणी व्हायची, बुवांची पाळी आली होती. पुण्याला रेल्वेच्या डॉक्टरकडे हजर राहायचं. नापास झालं की फाटक गेलं, आणि फाटक गेलं की गेटघर. गोदाताई त्या दिवशी मला फाटकाच्या बाहेर गाठून म्हणाल्या, "साहेब, तुमी शिकल्याली मानसं. कायतरी मार्ग काढा. चुलतीच्या दारात मी न्हाई ऱ्हानार. त्यापरीस हितंच रुळावर बरं." एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आत गेल्या.

मी शिकलेला माणूस. मार्ग काढला. आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात शेखभाई नावाचे कंपाउंडर होते. रेल्वेच्या दवाखान्यातून पेन्शनीत निघून आमच्याकडे लागलेले. आमच्या डॉक्टरांच्या खोलीत डोळे तपासायचा मराठी अक्षरांचा तक्ता भिंतीला टांगलेला होता. मी शेखभाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "रेल्वेत पण असाच असतो का हो?"

"असाच काय, हाच," शेखभाई म्हणाले. "वीस वर्षं गेली माझी त्याच्यासमोर. तिथला जरा जास्त पिवळा आहे, बस्स. का? डोळे बिघडले काय?"

"पोट दुखतंय," मी म्हणालो.

पोटदुखीच्या निमित्तानं मी दुपारभर तिथल्या बाकावर बसलो आणि डॉक्टर जेवायला गेल्यावर तक्ता उतरवून घेतला. टाइम ऑफिसात नक्कल करायची आमची एक शिस्त होती: मूळ कागदावर जे असेल ते सगळं यायला पाहिजे, रेघसुद्धा सोडायची नाही. त्या सवयीनं मी वरच्या हातभर अक्षरापासून सुरुवात केली आणि ओळीमागून ओळ, लहानात लहान अक्षरापर्यंत, वळणदार हस्ताक्षरात सगळं उतरवलं. कागदाची घडी करताना मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की परत येऊन मी तीन उशीरवाल्यांना शिक्का न मारता सोडून दिलं.

म्हैस मी विसरलो नव्हतो. विसरल्यासारखं केलं. मनाशी म्हटलं, आजवर काही झालं नाही. पुढे गोदाताई लक्ष ठेवतील. मीही असतोच सकाळ-संध्याकाळ. खरं कारण याहून हलकं होतं. तिथे नवा माणूस आला असता तर मला बसायला जागा उरली नसती.

बुवांनी कागद हातात घेतला. बोटांनी चाचपला. "काय हाय?" मी सांगितलं. मी गोदाताईंकडे बघितलं, गोदाताईंनी बापाकडे. मग बुवा म्हणाले, "वाच, गोदे." बुवांनीच तिला अक्षरओळख करून दिली होती. ती वाचायची, ते मागून म्हणायचे. ज्या डोक्यात एकशे ब्याण्णव पानं मावली होती, त्याला तो एक कागद म्हणजे काय? दुपारच्या तीन गाड्या जाईपर्यंत तक्ता पाठ.

तपासणीला मी रजा टाकून बरोबर गेलो. डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, मी बाहेर बाकावर. आत बुवांना खुर्चीत बसवलं. डॉक्टर म्हणाले, "चला आजोबा, वरून वाचा." बुवांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं अक्षर, दुसरी ओळ, तिसरी. ठाय लयीत, फाटकावर वाचायचे तसं. डॉक्टर "छान, छान" म्हणत होते. शेवटची बारीक ओळ झाली. आता उठतील म्हणून मीही उठलो.

बुवा थांबले नाहीत. एक श्वास घेतला आणि त्याच आवाजात पुढे म्हणाले, "या तक्त्याची नक्कल करन्यास सक्त मनाई हाय." आणि मग छापखान्याचं नाव, पेठ, पुणे.

ती ओळ तक्त्याच्या तळाशी, माशीच्या पायाएवढ्या अक्षरांत होती. मी ती भिंतीला नाक लावून उतरवली होती. डॉक्टर खुर्चीवरून उठले, तक्त्याजवळ गेले, वाकले, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग मोठ्यानं हसले. वाईट नव्हता तो माणूस. हसून झाल्यावर बुवांसमोर येऊन बसला आणि बोटं वर धरली. "किती आहेत, आजोबा?"

बुवा म्हणाले, "न्हाई दिसत, साहेब."

परतीच्या लोकलमध्ये मी खिडकी त्यांना दिली, मग लक्षात आलं की काय उपयोग. पिंपरी सुटली आणि मला राहवेना. "बुवा, ती खालची ओळ कशाला म्हणालात?"

"तुमीच लिवली व्हती."

"अहो, पण..."

"आपन वळ गाळत न्हाई, राव."

मला इतका राग आला की मी तोंड फिरवलं. राग त्यांचा म्हणू का माझा, ते आता सांगता येत नाही. गाडीचा आवाज बदलला तशी बुवांनी मान वर केली. म्हणाले, "आपलं फाटक आलं. पायाला कळलं मला. कोन कोन थांबलंय, सांगा."

मी बाहेर बघितलं. बदली माणूस हिरवं निशाण घेऊन उभा होता. "दोन गवळी आहेत," मी म्हणालो. "एक बैलगाडी. तीनचार सायकली. आमच्या ऑफिसातला एक जण आहे, घड्याळ बघतोय."

"आन फाटक?"

"लागलंय."

बुवा खिडकीच्या गजावर हात ठेवून बसले. "मी ह्या बाजूनं कवाच बघितलं न्हाई," म्हणाले. "आता बी न्हाईच बघितलं म्हना. पर आता तुमी गाडीत हाय."

महिन्याच्या आत गेटघर सोडावं लागलं. बैलगाडीत सामान ते किती, दोन ट्रंका, एक पाटा, एक फळी. ग्रंथ बुवांच्या मांडीवर. मोशीला भावानं गोठ्याला लागून असलेली पडवी दिली. भावजयीनं काय दिलं ते मी लिहीत नाही. गोदाताई चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जाऊ लागल्या, पहाटे चालत. आणि मी? मी दोन महिने तिकडे फिरकलो नाही. फाटकावरून रोज जायचो, पण मान खाली घालून. नवा गेटमन तरुण होता, चलाख होता, विडी ओढत बसायचा. पुढे एका रविवारी आईनंच विचारलं, "तुझे बुवा कसे आहेत रे?" तेव्हा सायकल काढली.

बुवा पडवीत बसले होते. मांडीवर ग्रंथ, मिटलेला. सायकलच्या चेनच्या आवाजावरून ओळखलं. "उशीर झाला, राव," म्हणाले. "शिक्का मारा सोताला."

मग दर रविवारी मी मोशीला जाऊन वाचायला लागलो. मी वाचायचो, ते ऐकायचे. म्हणजे खरं तर मी चुकायचो आणि ते सांगायचे. एकदा घाईनं एक टीप गाळली. लगेच हात वर. "मागं जावा." एकदा पानाचा आकडा म्हणायला विसरलो. "कंच्या स्टेशनाला हाय ते तरी सांगा," म्हणाले. सहा वर्षं असं चाललं. या सहा वर्षांत दोन्ही बहिणींची लग्नं झाली, माझं झालं, टाइम ऑफिसात माझी खिडकी बदलून टेबल आलं. मी तिथून सुटलो नाही. पण सुटका हवी म्हणून उशी चावायचं कधी थांबलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही. ग्रंथ मला कळला असा माझा दावा नाही. रविवारी कुणीतरी माझी प्रत्येक ओळ ऐकतंय, हे मात्र कळत होतं. आपलं कुणी इतकं ऐकून घेतंय म्हटल्यावर माणूस जरा नीट बसतो.

बुवा गेले ते एका बुधवारी, त्यामुळे मी नव्हतो. एकशे त्रेसष्टपर्यंत आलो होतो.

त्यांच्या तपासणीची गोष्ट मी आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात सांगायचो. पंगती उठल्या की कुणीतरी म्हणणारच, "दादा, ते तक्त्याचं सांगा." मी आवाज काढून सांगायचो आणि "सक्त मनाई हाय" म्हटलं की मांडव डोक्यावर घ्यायचे लोक. भोळा माणूस, दिलं ते सगळं वाचून मोकळा झाला, असा माझ्या सांगण्याचा झोक. बुवांच्या वर्षश्राद्धाला मोशीला गेलो होतो तेव्हा तिथेही, चार माणसांत, जरा हसू यावं म्हणून मी ती सांगितली. सगळे हसले. गोदाताई हसल्या नाहीत. लोक उठल्यावर आतून ग्रंथ घेऊन आल्या, फडक्यात बांधलेला.

"हे तुमाला द्या म्हनले व्हते. आन मालक आला तर त्येला द्या."

मी ग्रंथ घेतला. त्या तशाच उभ्या.

"साहेब, त्येंनी चुकून वाचलं आसं वाटतंय व्हय तुमाला?"

मी फडक्याची गाठ सोडता सोडता थांबलो.

"आदल्या सांच्याला मी म्हनलं, आबा, ही खालची वळ म्हनू नगा. ही छापखान्याची हाय, डोळ्याची न्हाई. तर म्हनले, ठावं हाय मला. मंग कशापायी पाठ करता? तर म्हनले, गोदे, येवढ्या कागदात तीच येक वळ वाचन्याजोगी हाय." त्यांनी पदर सारखा केला. "मी लई रडले त्या दिशी. भांडले बी. तर म्हनले, म्हस व्हती म्हनून वाचलो. आन रावांस्नी यातलं कायबी सांगू नगं. लई कष्टानं लिवलंय त्येंनी."

सायकलवरून परतताना मी कुठेही थांबलो नाही. फाटक उघडं होतं तरी तिथे मात्र उतरलो आणि सायकल हातात धरून बावीस पावलं चाललो.

आता तिथे वरून पूल गेला आहे, खाली कुणाला थांबावं लागत नाही. लग्नात लोक अजून ती गोष्ट सांगायला लावतात. मी सांगतो, पण आता गोदाताईंच्या बोलण्यापर्यंत सांगतो, त्यामुळे पूर्वीसारखं कुणी हसत नाही. माझी मागणी जरा उतरली आहे. रात्री जेवणं झाली की मी घरात ग्रंथ काढतो. मोठी मुलगी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. ती एकदा म्हणाली, "बाबा, पानाचा आकडा कशाला वाचता हो दर वेळी?" मी तिला म्हटलं, बस, सांगतो. मग सांगता सांगता वाचायचं राहूनच गेलं.

मालक अजून आलेला नाही.